उत्तर येऊ नये असा प्रश्न

बिंदुमाधव टोकेकर सरांनी अठरा वर्षांत काही शे माणसं गणिताचे शिक्षक म्हणून तयार केली, आणि स्वतः शाळेच्या वर्गात नोकरीसाठी एकदाच उभे राहिले. त्या एका तासाला मी मागच्या बाकावर बसले होते. तास वाईट गेला. त्यात माझा हात होता. किती होता, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बनारसमध्ये मराठी माणसं दोन प्रकारची. एक घाटावरची, म्हणजे दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत सहा-सात पिढ्या राहिलेली. दुसरी आम्ही कॉलनीतली, बापाच्या बदलीबरोबर आलेली. माझे बाबा रेल्वेत होते. घाटावरच्यांना आमचं मराठी पुस्तकी वाटतं, आम्हाला त्यांचं अर्धं हिंदी वाटतं, आणि गणपतीत दोघंही समोरच्याची आरतीची चाल चुकते आहे असं समजून मोठ्यानं गातात. सर घाटावरचे. त्यांच्या घरी महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची कामं चालत, मणिकर्णिकेवर अस्थी, पिंड, श्राद्ध. सोळाव्या वर्षी सरांनी वडिलांना सांगितलं की मी हे करणार नाही, मी गणित घेणार आणि शाळेत शिकवणार. वडील वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं, पद्माकाकूंनी, मला एकदा सांगितलं होतं.

त्यांना प्राध्यापक वगैरे व्हायचं नव्हतं. सातवी-आठवीच्या वर्गासमोर खडू घेऊन उभं राहायचं होतं, एवढंच. त्यासाठी बी.एस्सी., एम.एस्सी., मग गणित विषय घेऊन बी.एड., मग एम.एड. सगळं केलं. पण सरकारी भरतीची एक परीक्षा पेपर फुटून रद्द झाली, दुसरीचा निकाल कोर्टात अडकला, तिसरीच्या प्रतीक्षा यादीत त्यांचं नाव होतं आणि ती यादी उघडलीच नाही. मग शहराबाहेरच्या एका खाजगी बी.एड. कॉलेजात ‘गणित शिक्षण’ हा विषय शिकवायला लागले. शाळेत शिकवायला मिळालं नाही, म्हणून शाळेत कसं शिकवायचं ते शिकवत बसले. मी याला हसायचे. आमच्या बॅचमध्ये सगळेच हसायचे.

ज्यांनी बी.एड. केलेलं नाही त्यांना वाटतं, ही एक सरसकट मास्तरकी आहे. तसं नसतं. शाळेचे दोन विषय निवडायचे आणि ते कसे शिकवायचे याचाच अभ्यास करायचा. मी गणित आणि विज्ञान घेतलं. मग एखाद्या खऱ्या शाळेत जाऊन पाठ घ्यायचे, एकसारख्या रंगाच्या साड्या नेसून, हातात गुंडाळायचा फळा आणि चार्ट घेऊन. प्रत्येक पाठाआधी पाठयोजना लिहायची. डाव्या रकान्यात आपला प्रश्न, उजव्या रकान्यात मुलांचं संभाव्य उत्तर. मुलं काय बोलणार ते आम्ही आदल्या दिवशीच लिहून मोकळे व्हायचो.

या पाठयोजनेत एक गंमत असते. सुरुवातीला तीन-चार सोपे प्रश्न विचारायचे, ज्यांची उत्तरं मुलांना येतात. शेवटचा प्रश्न असा, ज्याचं उत्तर त्यांना येत नाही. त्याच्यासमोर उजव्या रकान्यात एकच शब्द लिहायचा, ‘समस्यात्मक’. मुलं गप्प बसली की आपण प्रसन्न चेहऱ्यानं म्हणायचं, बच्चों, आज हम यही पढ़ेंगे, आणि फळ्यावर विषय लिहायचा. मुलं गप्प बसणं हा पाठाचा पाया. सर मागच्या बाकावर मनगटातलं घड्याळ काढून समोर ठेवत, लाल रिफिल उघडत आणि त्या शांततेची वाट बघत.

माझा निरीक्षणाचा पहिला पाठ सातवीला होता. त्रिकोणाच्या बाजू किती, तीन. कोन किती, तीन. सगळं योजनेबरहुकूम. मग मी विचारलं, “त्रिभुज के तीनों कोणों का योग कितना होता है?” आणि मनात तीन सेकंद मोजायला लागले. दुसऱ्याच सेकंदाला पुढच्या बाकावरची एक पोर उठून म्हणाली, “एक सौ अस्सी डिग्री.”

माझ्या तोंडून “शाबाश” गेलं. पुढे काय बोलायचं ते माझ्या वहीत नव्हतं. मी विचारलं, “किसने बताया?” ती म्हणाली, “भैया ने,” आणि वर्ग हसला. मीही हसले. मागून सर उठले. पन्नास मुली आणि माझ्या दहा मैत्रिणींसमोर म्हणाले, “मैडम, बच्ची ने आपका पाठ समाप्त कर दिया. अब आप घर जाइए.”

मी खरंच साडीचा काठ सावरत वर्गाबाहेर गेले. व्हरांड्यात सर माझ्याशी मराठीत बोलले, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं.

“उत्तर आलं ही त्या पोरीची चूक नाही, तुझी आहे. प्रश्न असा पाहिजे की उत्तर येणारच नाही.”

“आणि आलंच तर, सर?”

“येऊ द्यायचं नाही.”

पुढच्या पाठाला मी शेवटच्या प्रश्नाआधी वर्गातल्या त्या हुशार पोरीला डस्टर धुऊन आणायला पाठवलं. प्रश्नानंतर वर्ग छान गप्प बसला. सरांनी लाल रिफिलनं लिहिलं, ‘प्रस्तावना उत्तम’. सगळ्या बॅचला ही युक्ती कळली, आणि त्या शाळेतल्या हुशार मुली त्या महिन्यात भलतंच पाणी भरत होत्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण सर माझ्यावर जरा जास्तच तुटून पडत. सगळ्यांची पाठयोजना एकदा परत यायची, माझी चारदा. माझ्या आईला वाटलं होतं, आपला माणूस आहे, सांभाळून घेईल. तिनं दिवाळीत चकल्यांचा डबा पाठवला. सरांनी तो न उघडता परत दिला. “आईला सांग, असं काही भेजू नको. लोक म्हणतील, मराठी आहे म्हणून नंबर दिले.” बाकीच्या मुलींचे समोसे ते खात. तेव्हा मला इतका राग आला की घरी जाऊन त्या चकल्या मी एकटीनं संपवल्या.

वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिकात त्यांनी मला द्वितीय श्रेणी दिली. मी त्यांच्या घरी गेले. रडले. पद्माकाकूंनी पाणी दिलं. सर म्हणाले, “तू माझ्या यादीत पहिल्या पाचात होतीस. पण वरच्या चारही जणी मिश्रा, पांडे, सिंग. तुला प्रथम दिली असती तर प्रिन्सिपलनं मलाच विचारलं असतं.” म्हणजे मी चांगली होते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या वर्षीच्या एका सरकारी भरतीत बी.एड.च्या श्रेणीचे गुण धरले जात होते. यादी लागली तेव्हा माझं नाव दोन जागांनी खाली राहिलं. मी एका संस्थेच्या मुलींच्या शाळेत लागले, विनाअनुदानित, आणि तिथेच आहे. अकरा वर्षं झाली. सरांना मी माफ केलं नाही आणि तसं नाटकही केलं नाही.

या अकरा वर्षांत मी गणिताची मुख्य शिक्षिका झाले आणि सरांचं कॉलेज बसलं. प्राथमिक शाळांची दारं बी.एड.वाल्यांना बंद झाली, चार वर्षांचा नवा एकत्रित अभ्यासक्रम आला, खाजगी कॉलेजात पोरं येईनाशी झाली. गेल्या वर्षी त्यांच्या कॉलेजानं टाळं लावलं. आमच्या शाळेत गणिताची एक जागा निघाली, तेव्हा अर्जांच्या गठ्ठ्यात मला ते अक्षर दिसलं. टोकेकर बिंदुमाधव, वय बावन्न, शालेय अध्यापनाचा अनुभव या रकान्यात एक आडवी रेघ. दुसरीकडे कुठे त्यांना घेतलं नव्हतं, सगळ्यांना तरुण पोरं हवी होती. आमची शाळा ही त्यांची शेवटची आशा होती. पद्माकाकूंनी आईला फोन केला. “मधुराला सांगा ना, जरा बघ म्हणावं. घरात बसून ते दिवसभर जुन्या पाठयोजना फाडतात.” आईनं मला सांगितलं. मी म्हणाले, बघते.

आमच्याकडे उमेदवाराला एक तास घ्यावा लागतो. मागे संस्थेचे मॅनेजर, प्रिन्सिपल आणि त्या विषयाची शिक्षिका बसतात. सरांना सोमवारी पाठ कळवला: इयत्ता आठवी, चौकोनाच्या चार कोनांची बेरीज. तास गुरुवारी होता. आठवीची वर्गशिक्षिका मी, गणितही माझंच. तो धडा मी अजून घेतला नव्हता.

बुधवारी घेतला.

उगाच घेतला असं म्हणण्यात अर्थ नाही. मी ठरवून घेतला, आणि फार चांगला घेतला. चौकोन काढला, त्याला कर्ण काढला, दोन त्रिकोण झाले, एकशे ऐंशी दुणे तीनशे साठ. मुलींकडून काढून घेतलं. तिसऱ्या बाकावर रुची निषाद बसते. तिचे वडील मुन्शी घाटावर नाव चालवतात. दोन वर्षांत तिनं माझ्या तासाला एकदाही हात वर केला नव्हता, येत असूनही. त्या दिवशी तिनं फळ्यापाशी येऊन कर्ण काढला आणि खडू ठेवताना माझ्याकडे बघून हसली. मी वर्गाला सांगितलं, “कल एक नए सर आएँगे. जो पूछें, डरना नहीं, खुलकर बताना.”

गुरुवारी सर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात रंगीत पुठ्ठ्याचा चौकोन, ज्याचे कोपरे सुटे करता येत होते. रात्री जागून केला असणार. मला बघून त्यांनी मान लववली. मी त्यांची विद्यार्थिनी होते हे मॅनेजरांना माहीत होतं, त्यामुळे ते कौतुकानं दोघांकडे बघत होते. सरांनी मनगटातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ते दोनदा उचलून पुन्हा सरळ केलं. मला बरं वाटलं, हे लिहून टाकते.

“बच्चों, यह कौन सी आकृति है?”

“चतुर्भुज!” वर्ग म्हणाला.

“इसमें कितनी भुजाएँ हैं? कितने कोण हैं?” चार, चार. सर सैलावले. त्यांचा आवाज चढला, छान खणखणीत होता. असा आवाज मी आमच्या शाळेत ऐकला नव्हता. मग त्यांनी पुठ्ठा उंच धरला आणि अठरा वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघत मागे बसत आले, तो विचारला. “तो बताओ, चतुर्भुज के चारों कोणों का योग कितना होता है?”

रुचीचा हात वर गेला. सरांनी तिच्याकडे न बघता “तो आज हम...” म्हणायला सुरुवात केली. पण मीच सांगितलं होतं ना, खुलकर बताना. ती उभी राहिली. “तीन सौ साठ, सर. विकर्ण खींच दीजिए तो दो त्रिभुज बन जाते हैं.”

सरांनी तिच्याकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं, मग मागे आमच्याकडे. आणि म्हणाले, “गलत. बैठ जाओ.”

रुची बसली नाही. तिला वाटलं, सरांना नीट ऐकू आलं नाही. “सर, तीन सौ साठ.”

“कहा ना, गलत है! बैठो!”

ती बसली. सरांनी फळ्यावर विषय लिहिला आणि पुढचा सगळा पाठ योजनेप्रमाणे घेतला. पुठ्ठ्याचे कोपरे सोडवून जोडून दाखवले, कर्ण काढला, दोन त्रिकोण केले, बेरीज केली. पंचविसाव्या मिनिटाला फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ३६०. तेव्हा अख्खा वर्ग मागे वळून रुचीकडे बघायला लागला. कुणीतरी फिस्सकन हसलं. सर फळ्याकडे तोंड करून उभे होते, आणि ते बराच वेळ वळलेच नाहीत. रुची डोळे वहीत घालून बसली होती. मी तिच्यापासून दोन बाक मागे होते. उठून एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. पण मी सरांच्या गुणपत्रिकेवर लिहीत होते.

तासानंतर मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, “सवाल पर थोड़ा गड़बड़ा गए, पर विद्वान आदमी हैं. आपके गुरु हैं, आपके समाज के हैं. आप कहिए तो रख लें.” ते मनापासून म्हणत होते. जागा माझ्या एका शब्दावर होती. दुसरा उमेदवार भदोहीचा एक मुलगा होता, त्याला पायथागोरस धड सांगता आला नव्हता.

मी म्हणाले, “लोग कहेंगे मराठी हैं, इसलिए रख लिया.”

मॅनेजरांना माझा प्रामाणिकपणा फार आवडला. त्यांनी प्रिन्सिपल बाईंनाही तो सांगितला. भदोहीचा मुलगा रुजू झाला.

शनिवारी सर आपल्या प्रमाणपत्रांची फाइल न्यायला आले. स्टाफरूममध्ये मी एकटी होते. मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला. मला वाटलं, आता रागावतील, निदान गयावया करतील. मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

“तू तो पाठ आधी घेतला होतास,” ते म्हणाले.

मी बशी त्यांच्या कपाखाली सरकवली.

“त्या पोरीचं वाक्य माझंच आहे. विकर्ण खींच दीजिए. मी तुमच्या बॅचला असंच सांगितलं होतं, कोन मोजायला लावू नका, विकर्ण काढा. अच्छा घेतलास पाठ. तिला समजला होता.” त्यांनी कप खाली ठेवला. “इतनी बार मी तुम्हाला बोललो की उत्तर येऊ देऊ नका. मला वाटायचं, एकदा माझा वर्ग मिळाला की मी सगळ्या मुलांना बोलू देईन. आणि मिळाला तर पहिल्यांदा काय केलं, बघितलंस ना?”

“हो, सर.”

“माझं जाऊ दे. तू त्या पोरीला सांग, तिचं बरोबर होतं. मी सांगायला गेलो असतो, पण आता मला वर्गात कोण जाऊ देणार.”

“सांगते,” मी म्हणाले. त्यांनी फाइल पिशवीत घातली आणि गेले. मी जिंकले होते. त्या दिवशी मला ते काही फार मोठं वाटलं नाही, इतकंच.

आणि मी सांगितलं नाही. सोमवारी विसरले असं म्हणता येईल, पण मी विसरले नव्हते. सांगायचं तर रुची विचारणार, मग सर खोटं का बोलले? तुम्ही आदल्या दिवशी का शिकवलंत? मग वार्षिक परीक्षा आल्या, पर्यवेक्षण आलं, पेपर तपासणी आली. सर आता चुलतभावाबरोबर मणिकर्णिकेवर जातात. नगर, सोलापूरकडून आलेल्या लोकांना कुठे बसायचं, काय आणायचं ते सांगतात. मी त्यांना एकदा लांबून पाहिलं. एका म्हातारीला पिंड ठेवायचा क्रम समजावत होते, तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेत होते. ती चुकली तर न चिडता परत सांगत होते. मी तिथूनच परतले.

एप्रिलमध्ये नववीचे अर्ज भरून घेतले. आमच्या बोर्डात मुलींना नववीला गणित सोडून त्याऐवजी गृहविज्ञान घेता येतं. ज्यांना गणित झेपत नाही त्या घेतात, किंवा ज्यांच्या घरी वाटतं की एवढं पुरे. अर्जावर वर्गशिक्षिकेची सही लागते. गठ्ठ्यात रुचीचा अर्ज निघाला. गृहविज्ञानावर खूण होती. वार्षिक परीक्षेत गणितात वर्गात तिसरी आली होती.

मी तिला बोलावून घेतलं. वाटलं, बाप म्हणाला असेल. तिनं मान हलवली. घरून कुणी काही म्हटलं नव्हतं. मग मला सांगावंच लागलं. म्हणाले, “रुची, उस दिन तुम्हारा उत्तर सही था.”

“मालूम है, मैडम,” ती म्हणाली. “सर ने बाद में बोर्ड पर वही तो लिखा.”

“तो फिर गणित क्यों छोड़ रही हो?”

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. उद्धटपणा नव्हता, मी विचारलं म्हणून ती सांगत होती. “गणित में सही बताओ तब भी बैठा देते हैं. आप तो पीछे ही बैठी थीं.”

मी तिला समजावलं. खूप वेळ समजावलं. ती सगळं ऐकून घेत होती आणि प्रत्येक वाक्याला “जी मैडम” म्हणत होती. शेवटी माझं बोलून संपलं, तेव्हा तिनं अर्ज माझ्याकडे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. गृहविज्ञानाच्या बाई दारात गठ्ठ्याची वाट बघत उभ्या होत्या. मी सही केली.